मज्जासंस्था पहिल्यांदा शिकताना: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बारावीनंतर मी फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा माझे दहावीपर्यंतचे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले होते. पहिल्या वर्षी हाडे आणि स्नायू कसेबसे पाठ झाले, पण मज्जासंस्थेच्या पहिल्या अंतर्गत चाचणीत मला वीसपैकी सहा गुण पडले. अभ्यास कमी केला होता असे नाही. प्रत्येक भागाचे नाव, व्याख्या आणि कार्य घोकून झाले होते. परंतु तोंडी परीक्षेत मेरुरज्जूचा नमुना हातात देऊन ‘वरची बाजू कोणती?’ एवढेच विचारले गेले आणि मी तो उलटा धरला. ओल्या सुतळीसारखा तो तुकडा हातात लोंबकळत असताना माझ्या लक्षात आले की मला नावे येतात, वस्तू ओळखता येत नाही.

नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात जे नव्याने आले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढील प्रत्येक पायरीवर, समोर येणाऱ्या प्रत्येक भागाला तीनच प्रश्न विचारा: हा कुठे बसतो, हा कोणाकडून घेतो आणि कोणाला देतो, आणि हा बिघडला तर माणसाचे नेमके काय जाते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की पहिली दोन फारशी घोकावी लागत नाहीत.

सुरुवातीला जवळ काय असावे

रेघा नसलेली एक जाड वही आणि चार रंगांच्या पेन्सिली घ्या. संवेदनेच्या वाटेला निळा, हालचालीच्या वाटेला लाल, स्वायत्त (म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या) वाटेला हिरवा आणि द्रवासाठी पिवळा असे रंग पहिल्याच दिवशी ठरवून टाका आणि वर्षभर बदलू नका. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला रंगीत ॲटलास पुरेसा आहे, नवा विकत घेण्याची घाई करू नका. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून बोन सेट मिळाला, तर त्यातले मानेचे पहिले दोन मणके, पाठीचा एक, कमरेचा एक आणि त्रिकास्थी (कमरेखालचे तिकोनी हाड) बाजूला काढून ठेवा. रबरी हातोडी आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पुढे लागणारच आहेत, म्हणून आत्ताच घेतले तरी चालतील. याखेरीज रबरी हातमोजे, स्टीलचे एक ताट, टाचण्या आणि मटणाच्या दुकानातून आणलेला एक भेजा लागेल. त्याविषयी चौथ्या पायरीत सांगितले आहे.

डिसेक्शन हॉलमध्ये ॲप्रन, ओळखपत्र आणि जर्नल न्यावे, मोबाइल बाहेर ठेवावा. तिथले देह कोणीतरी देहदान करून आपल्याला दिलेले असतात. त्यांचे छायाचित्र काढणे हा त्या माणसाचा अवमान आहे, आणि त्यासाठी कारवाईही होऊ शकते.

१. आधी शब्दांचा गुंता सोडवा

ही पायरी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना लागत नाही, आपल्याला लागते. शाळेच्या पुस्तकातील प्रमस्तिष्क म्हणजे सेरेब्रम, अनुमस्तिष्क म्हणजे सेरेबेलम, मस्तिष्कपुच्छ म्हणजे मेड्युला ऑब्लाँगाटा, मेरुरज्जू म्हणजे स्पायनल कॉर्ड, वृक्षिका म्हणजे डेंड्राइट, अक्षतंतू म्हणजे ॲक्सॉन आणि संपर्कस्थान म्हणजे सायनॅप्स. वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे जुने नाव आणि उजवीकडे नवे नाव असे दोन रकाने करा. शाळेत शिकलेले विसरून सगळे नव्याने शिकण्याचा सल्ला मला मिळाला होता आणि तो चुकीचा ठरला, कारण अनुमस्तिष्क तोल सांभाळते हे मला आठवीपासून माहीत होते, फक्त सेरेबेलम ते हेच, हे कोणी सांगितले नव्हते.

इथे चार सापळे आहेत. पहिला ‘मज्जा’ या शब्दाचा. मज्जासंस्थेतील मज्जा वेगळी आणि हाडांच्या पोकळीत रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा वेगळी. दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नाही. लॅटिनमध्येही हाच घोळ आहे, कारण मेड्युला या शब्दाचा मूळ अर्थ गर किंवा मज्जा असाच होतो.

दुसरा सापळा ‘नस’ या शब्दाचा आहे, आणि तो रुग्णांशी बोलताना रोज लागतो. ‘सलाईन लावायला नस मिळत नाही’ यातली नस म्हणजे शीर. ‘मानेची नस दबली’ यातली नस म्हणजे चेता (नर्व्ह). ‘रात्री पोटरीची नस चढली’ यातली नस म्हणजे स्नायूला आलेला गोळा. रुग्ण चुकत नाही, त्याच्या भाषेत तिन्ही नसाच आहेत. अर्थ ओळखण्याची जबाबदारी आपली आहे.

तिसरा सापळा हिंदी व्हिडिओंचा. हिंदीत ‘स्नायु तंत्र’ म्हणजे मज्जासंस्था, तर मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे मसल, तर मराठीत पेशी म्हणजे सेल. मी एक संपूर्ण संध्याकाळ हिंदी व्याख्यान ऐकत स्नायूंविषयीची टिपणे काढली आणि ती सगळी चेतांविषयीची निघाली.

चौथा सापळा म्हणजे मोठ्या नावांची भीती. ती घालवायची असेल तर नावाचा अर्थ विचारा. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, थॅलॅमस म्हणजे आतली खोली, अमिग्डला म्हणजे बदाम, हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, पॉन्स म्हणजे पूल आणि व्हेगस म्हणजे भटक्या. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी समोर जे दिसले तेच लिहिले.

२. सगळ्या नकाशाच्या दोनच पाट्या लिहा

कवटीच्या आणि पाठीच्या कण्याच्या हाडांत जे सुरक्षित बसलेले आहे, ती मध्यवर्ती संस्था: मेंदू आणि मेरुरज्जू. त्यातून बाहेर पडून शरीरभर पसरते ती परिघीय संस्था: १२ जोड्या करोटी (क्रेनिअल) चेतांच्या आणि ३१ जोड्या मेरू (स्पायनल) चेतांच्या, शिवाय त्यांच्या वाटेवरील पेशींचे पुंजके, ज्यांना गँग्लिऑन म्हणतात. स्वायत्त संस्था ही तिसरी पाटी नव्हे. तिची सूत्रे मध्यवर्ती भागात असतात आणि तिचे तंतू परिघीय चेतांमधूनच जातात. ती कामावरून केलेली विभागणी आहे, जागेवरून केलेली नाही. चाचणीत ‘मज्जासंस्थेचे तीन भाग’ असे लिहून येणाऱ्यांनी जागेची आणि कामाची वर्गवारी एकत्र केलेली असते.

३. एक चेतापेशी नीट काढायला शिका

पेशीचा देह, त्याला फुटलेल्या आखूड फांद्या म्हणजे वृक्षिका, आणि एकच लांब अक्षतंतू. संदेश वृक्षिकांकडून येतो आणि अक्षतंतूवरून जातो. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे अक्षतंतू मीटरभर लांब असतात, मात्र त्यांची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढीच असते.

पेशी सुट्या असतात की सगळ्यांचे मिळून एकच जाळे असते, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. कामिलो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी काळी रंगवण्याची युक्ती शोधली आणि ते स्वतः जाळ्याच्या बाजूचे राहिले. सांतियागो रामोन ई काहाल यांनी तीच युक्ती वापरून पेशी सुट्या असल्याचे दाखवले. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पेशी सुट्या असल्यामुळेच त्यांच्यामध्ये संपर्कस्थान लागते आणि तिथे बहुतेक ठिकाणी रसायन सोडून संदेश पलीकडे जातो. मेंदूवर काम करणारी बहुतेक औषधे याच जागी हात घालतात.

अक्षतंतूवर मायलिन नावाचे चरबीयुक्त आवरण असते, आणि इथे हमखास विचारला जाणारा भेद आहे. मेंदू व मेरुरज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट तयार करतात, बाहेरच्या चेतांमध्ये श्वान पेशी तयार करतात. जाड मायलिन असलेल्या तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे १२० मीटरपर्यंत जातो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढाच असतो. हे आकडे लिहून ठेवा, शेवटच्या पायरीत त्यांचा उपयोग आहे.

४. मेंदू हातात घेऊन पाहा

चित्रातून मेंदू कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयातील नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवून घट्ट झालेले असतात आणि ते दहा जणांत एक येतात. म्हणून रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात जा आणि बोकडाचा भेजा मागा. मुंडी मधोमध फोडून घेतली असेल तर तो दोन अर्धांत मिळतो. तीही सोयच आहे, कारण ॲटलासमधला उभा मध्यछेद तुम्हाला आयता मिळतो. अखंड हवा असल्यास तसे आधी सांगावे लागते. घरी आणून हातमोजे घालून स्टीलच्या ताटात ठेवा, तासाभरात काम उरका आणि अभ्यासाला वापरलेला भेजा स्वयंपाकात वापरू नका. घरी फॉर्मलिन आणण्याचा विचारही करू नका, ते विषारी आहे.

पहिल्यांदा जाणवते ते त्याचे मऊपण. ताज्या पनीरपेक्षाही तो मऊ असतो, बोट दाबले की रुतते, आणि कवटी व द्रव नसते तर आपल्या मेंदूचे काय झाले असते ते सांगावे लागत नाही. वरची पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली साल ओढून काढा. भेजाफ्राय करताना आईने हीच साल सोलून टाकलेली तुम्ही पाहिली असेल. ती म्हणजे आतली दोन आवरणे. मग वळ्या दिसतात: उंचवटा म्हणजे जायरस, खाच म्हणजे सल्कस. मागच्या बाजूला बारीक, समांतर घड्यांचा वेगळा गोळा दिसतो, तो लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क. त्याच्या खालून निघणारा पांढुरका दांडा म्हणजे मस्तिष्कस्तंभ. सुरीने मोठ्या मेंदूचा, म्हणजे प्रमस्तिष्काचा, आडवा काप घेतला की बाहेर करडा आणि आत पांढरा भाग दिसतो: करड्यात पेशींचे देह, पांढऱ्यात मायलिन असलेले तंतू.

बोकडाचा मेंदू आणि माणसाचा मेंदू यांतला एक फरक लक्षात ठेवा. चार पायांच्या प्राण्यात मेंदू आणि मेरुरज्जू जवळपास एका रेषेत असतात. आपण उभे राहिल्यामुळे ती रेषा मस्तिष्कस्तंभापाशी वाकली आहे. म्हणूनच ‘डॉर्सल’ हा शब्द मेरुरज्जूत पाठीकडची बाजू दाखवतो आणि मोठ्या मेंदूत वरची. मी या एका शब्दावर दोन आठवडे घालवले.

आता माणसाच्या मेंदूकडे. प्रौढ मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जितका प्राणवायू वापरते त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, आणि गंमत अशी की त्यांतल्या सुमारे चार पंचमांश, वजनाने दशांश असलेल्या लहान मेंदूत असतात.

मोठ्या मेंदूचे चार खंड स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शिका. कपाळामागे फ्रॉन्टल: निर्णय, आवर, आणि त्याच्या मागच्या काठाला ऐच्छिक हालचालीचा पट्टा. त्यामागे पराएटल, ज्याच्या पुढच्या काठाला स्पर्शाचा पट्टा. कानशिलाआड टेम्पोरल: ऐकणे आणि स्मृती. डोक्याच्या अगदी मागे ऑक्सिपिटल: दृष्टी. डोळे पुढे असून पाहणे मागे होते, हे नवख्यांना पटत नाही. पण डोक्याच्या मागच्या बाजूला मार लागून नजर गेलेला रुग्ण एकदा पाहिला की पुन्हा विसर पडत नाही.

‘बिघडले तर काय जाते’ या प्रश्नाची उत्तरे इतिहासातही सापडतात. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाचे काम करताना फिनीस गेज याच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो जगला, चालू-बोलू लागला, पण त्याचा स्वभाव पालटला असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. फ्रॉन्टल खंडाविषयीच्या चर्चेत त्याचे नाव अजूनही येते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या फ्रॉन्टल खंडात बिघाड दाखवला. १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस शस्त्रक्रियेने बरेचसे काढले गेले. जुन्या आठवणी पुष्कळशा राहिल्या, नवी मात्र टिकेना. ही तीन माणसे वहीत लिहून ठेवली की फ्रॉन्टल खंड, ब्रोकाचा भाग आणि हिप्पोकॅम्पस वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मोठ्या मेंदूच्या पोटात थॅलॅमस आहे, जिथे वास सोडून बाकी सगळ्या संवेदना आधी थांबतात. त्याच्या खाली हायपोथॅलॅमस: भूक, तहान, तापमान आणि पीयूषिका ग्रंथीवर ताबा. बाजूला बेझल गँग्लिया, जे हालचालीचा प्रारंभ आणि तिचे प्रमाण ठरवतात. मध्यमेंदूच्या मानवी नमुन्यात एक काळसर पट्टी उघड्या डोळ्यांना दिसते, ती सब्स्टँशिया नायग्रा. पार्किन्सनच्या आजारात तीच फिकी पडते.

उजव्या-डाव्याचा सापळा इथे आहे. मोठ्या मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर ताबा ठेवते, कारण हालचालीचे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणून उजव्या अंगाचा लकवा झालेल्या रुग्णाची वाचा जाण्याचा धोका जास्त, कारण भाषेचे केंद्र बहुतेकांत डावीकडे असते. लहान मेंदू मात्र त्याच बाजूचे शरीर सांभाळतो. डाव्या लहान मेंदूत गाठ असलेला माणूस डावीकडे झोकांड्या खातो. परीक्षेत हे दोन एकमेकांत मिसळणारे निम्मे विद्यार्थी मी दरवर्षी पाहते.

बंगळूरूला जाणे झाले तर निम्हान्स या संस्थेचे मेंदूसंग्रहालय पाहून घ्या. माणसाचे निरोगी आणि आजारी मेंदू तिथे शेजारी शेजारी पाहता येतात.

५. आवरणे आणि पाणी

बाहेरून आत तीन आवरणे: चामड्यासारखे चिवट ड्यूरा, कोळ्याच्या जाळ्यासारखे अरॅक्नॉइड आणि मेंदूच्या प्रत्येक खाचेत उतरणारे पातळ ‘पाया’ (पिया मॅटर). मस्तिष्कमेरुद्रव मधल्या आणि आतल्या आवरणांमध्ये असतो. एकूण द्रव साधारण १५० मिलिलिटर, पण दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे तो दिवसातून तीनचार वेळा बदलला जातो. मेंदूच्या आतल्या चार पोकळ्यांत तो बनतो, चौथ्या पोकळीतून बाहेर येतो आणि शेवटी शिरांमधल्या रक्तात मिसळतो. ही वाट कुठे अडली की लहान मुलाचे डोके मोठे होऊ लागते. वाट पिवळ्या पेन्सिलीने एकदा काढा, पुढे जाऊ.

६. मेरुरज्जू आणि त्याच्या गणिताचा घोळ

प्रौढ माणसात मेरुरज्जू सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब, करंगळीएवढा जाड असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. पाठीचा कणा मात्र त्याच्या बराच खाली जातो. गर्भात सुरुवातीला दोघांची लांबी सारखी असते, पुढे हाडे भराभर वाढतात आणि रज्जू मागे पडतो. त्यामुळे खालच्या चेतांना आपापल्या छिद्रापर्यंत पोहोचण्यासाठी लांब खाली उतरावे लागते, आणि त्यांचा जो झुबका तयार होतो त्याला घोड्याचे शेपूट, म्हणजे कॉडा इक्वायना, असे नाव आहे.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. ‘मणक्यातले पाणी काढले की माणूस लुळा होतो’ ही भीती तुम्हाला प्रत्येक वॉर्डात ऐकू येईल. ती सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, म्हणजे जिथे रज्जू संपलेला आहे तिथे घालतात. तिथे द्रव असतो आणि त्यात तरंगणाऱ्या चेता सुईपुढे बहुधा बाजूला सरकतात. नातेवाइकांना हे हाताने पाठीवर दाखवून सांगितले की संमतीपत्रावरची सही बहुतेकदा होते.

नमुना सरळ धरण्याची खूण अशी: रज्जूला दोन ठिकाणी फुगवटा असतो, हातांच्या चेतांसाठी मानेत आणि पायांच्या चेतांसाठी खाली; खालच्या फुगवट्यानंतर तो शंकूसारखा निमुळता होतो. निमुळते टोक खाली. आडवा काप घेतल्यास आत फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो आणि बाहेर पांढरा, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बरोबर उलट. मागच्या मुळातून संवेदना आत येते, पुढच्या मुळातून हालचालीचा हुकूम बाहेर जातो.

आता गणित. मेरू चेतांच्या जोड्या मानेच्या ८, पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. मानेत मणके सात असताना चेता आठ कशा? पहिली चेता पहिल्या मणक्याच्या वरून निघते, सातवी सातव्याच्या वरून आणि आठवी सातव्याच्या खालून. तिथून पुढे प्रत्येक चेता आपल्या क्रमांकाच्या मणक्याच्या खालून निघते. बोन सेटमधले मणके एकावर एक ठेवून त्यांतून दोरा ओवून पाहा, पाच मिनिटांत डोक्यात बसते.

क्रमांक शरीरावर कुठे उतरतात हेही पाहून ठेवा. स्तनाग्राची रेषा पाठीच्या चौथ्या चेतेची, बेंबी दहाव्या चेतेची. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तो कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या चेतेचा. घोट्यामागचा झटका त्रिकास्थीच्या पहिल्या चेतेचा.

पायरी सोडण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूची खोबण चाचपा. तिथे टिचकी बसली की करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात झिणझिण्या येतात, ती अल्नर चेता. कुष्ठरोगात हीच चेता दोरीसारखी जाड लागते आणि बोटे वाकडी होऊ लागतात. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवनाचे काम ज्या रुग्णांसाठी उभे केले त्यांच्या बधिर, वाकड्या हातांमागे परिघीय चेतांचा हा नाशच होता. ग्रामीण भागात इंटर्नशिप करणाऱ्यांनी ही खोबण चाचपायची सवय लावून घ्यावी.

७. बारा करोटी चेता आरशासमोर

यांच्यासाठी इंग्रजी आद्याक्षरांची वाक्ये पाठ करू नका. परीक्षेत वाक्य आठवते, चेता नाही. आरशासमोर बसा आणि क्रमाने करा. मसाल्याचा डबा हुंगा: पहिली. कॅलेंडरवरची तारीख वाचा: दुसरी. डोळे सर्व दिशांना फिरवा: तिसरी, चौथी आणि सहावी. गालाला स्पर्श करा आणि दात आवळा: पाचवी. भुवया उंचावा, डोळे घट्ट मिटा, हसा: सातवी. कानाशी बोटे चोळा: आठवी, जी तोलही सांभाळते. गिळा आणि ‘आ’ म्हणा: नववी आणि दहावी. खांदे उडवा: अकरावी. जीभ बाहेर काढा: बारावी. दहावी म्हणजे व्हेगस मानेतून छातीत आणि तिथून पोटापर्यंत भटकते, आणि तिचे नाव तेच सांगते.

सातव्या चेतेपाशी एक फरक आत्ताच शिका. तोंड वाकडे झालेल्या रुग्णाला कपाळाला आठ्या घालायला सांगा. कपाळाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडत असतील तर बिघाड मेंदूत असण्याची, म्हणजे पक्षाघाताची शक्यता जास्त, आणि त्याला ताबडतोब दवाखान्यात पाठवायला हवे. वाकड्या बाजूला आठी पडतच नसेल तर बिघाड बहुधा चेतेत असतो. कपाळाला दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून तंतू मिळतात, हे त्याचे कारण. मात्र हे निदान डॉक्टरांनी करायचे आहे. आठ्या मोजत बसून आपण रुग्णाचा वेळ घालवू नये.

८. स्वायत्त संस्था

अनुकंपी (सिंपथेटिक) संस्था पाठीच्या पहिल्या ते कमरेच्या दुसऱ्या भागातून निघते. परानुकंपी (पॅरासिंपथेटिक) संस्था तिसऱ्या, सातव्या, नवव्या, दहाव्या करोटी चेतांतून आणि त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या भागातून. एक मधोमध, दुसरी दोन टोकांना. कुत्रा अंगावर धावून आला की बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते: ते अनुकंपीचे काम. जेवून ओसरीवर टेकले की लाळ, पचन आणि मंद ठोके: ते परानुकंपीचे. चेता हृदयाला रसायनाद्वारे सांगते, हे ओटो लोवी यांनी १९२१ साली दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केल्यावर त्याभोवतीचा द्रव दुसऱ्यावर घातला आणि दुसरेही मंदावले. प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे लोवी स्वतः सांगत.

९. एक ठेच शेवटपर्यंत नेऊन पाहा

वरील सगळे झाल्यावर वहीच्या जोडपानावर एका माणसाची आकृती काढा आणि त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला उंबऱ्याची ठेच लावा. निळ्या पेन्सिलीने सुरुवात करा. अंगठ्यापासून मेरुरज्जूपर्यंत अंतर साधारण एक मीटर. पातळ मायलिन असलेल्या तंतूतून तीक्ष्ण कळ लगेच पोहोचते. मायलिन नसलेल्या तंतूतून ठणका सेकंदभराने येतो. ठेच लागल्यावर क्षणभर वाट पाहून मग जे ठणकू लागते, ते तिसऱ्या पायरीतले आकडे आहेत.

मेरुरज्जूत पोहोचताच तिथल्या तिथे लाल रेघ बाहेर पडते आणि पाय उचलला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूला अजून कळलेले नाही. त्याच वेळी आणखी एक लाल रेघ डावीकडे जाते आणि डावा पाय ताठ होतो, नाहीतर माणूस पडला असता. निळी रेघ आता वर न्यायची आहे, आणि इथे शेवटचा सापळा: वेदनेची आणि तापमानाची वाट मेरुरज्जूतच बाजू बदलते, तर सूक्ष्म स्पर्श आणि ट्यूनिंग फोर्कच्या कंपनाची वाट त्याच बाजूने वर जाऊन मस्तिष्कपुच्छात बाजू बदलते. म्हणूनच मेरुरज्जूची एकच बाजू चिरली गेली तर त्या बाजूचे बळ आणि कंपनाची जाणीव जाते, वेदना मात्र पलीकडच्या बाजूची जाते. दोन्ही वाटा वेगवेगळ्या छटांनी काढा.

दोन्ही थॅलॅमसमध्ये येतात आणि तिथून डाव्या पराएटल खंडाच्या स्पर्शपट्ट्यावर, अगदी मधल्या फटीत, जिथे पायाची जागा आहे. लहान मेंदूकडे गेलेली तिसरी रेघ तोल सावरते, पण ती उजव्याच बाजूला ठेवायची. हिरव्या पेन्सिलीने छातीची धडधड दाखवा.

आणि तोंडातून निघालेले ‘आई गं’? ते ब्रोकाच्या भागापासून काढू नका. डाव्या मेंदूच्या पक्षाघाताने वाचा गेलेले एक आजोबा माझ्याकडे व्यायामाला येत. स्वतःचे नाव त्यांना सांगता येत नसे, पण पाय ताणला की ‘आई गं’ स्पष्ट म्हणत, आणि जाताना ‘राम राम’ही. सवयीचे, भावनेचे उद्गार वेगळ्या वाटेने येतात, म्हणून त्या रेघेसाठी आकृतीत जागा कोरी सोडा आणि पुढच्या वर्षी भाषेच्या विकारांचा पाठ झाला की तिथे परत या.